गच्चीवर रबरी आच्छादन : निवड करण्यापूर्वी काय पाहावे?

मृग नक्षत्र तोंडावर आले की खेडोपाडी कौलारू घरांची शाकारणी आणि स्लॅबच्या घरांची डागडुजी एकाच वेळी सुरू होते. शेतकऱ्याचे घर हे नुसते राहण्याचे घर नसते. त्याच छपराखाली पुढच्या हंगामाचे बियाणे, खताची पोती आणि भाव वाढण्याची वाट पाहत ठेवलेला माल असतो. सोयाबीनच्या बियाण्याला ओल लागली की उगवणक्षमता झपाट्याने घटते, युरियाचे पोते दगडासारखे घट्ट होते आणि कापूस भिजला की प्रत व भाव दोन्ही उतरतात. म्हणून घराची गळती हा शेतीच्याही नुकसानीचा विषय आहे.

गळतीवर आजवर जे उपाय होत आले ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. भेगांत डांबर ओतणे, सिमेंटची घोटाई करणे, जुन्या कोब्यावर नवा कोबा चढविणे, आणि अलीकडे शेततळ्याचा उरलेला कागद किंवा जाहिरातीचे जुने फ्लेक्स अंथरणे. आता त्यांच्या जोडीला रबरी शीट आली आहे. ती घ्यावी का, घ्यायची तर कोणती घ्यावी आणि अंथरण्याआधी गच्चीत काय दुरुस्त करून घ्यावे, असे प्रश्न शेतकरी बांधव विचारतात. सर्व घरांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. काही घरांना रबर फार उपयोगी आहे. काही घरांना ते लावूच नये.

रबर म्हणजे नेमके कोणते?

बाजारात 'रबर' या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि फसगत बहुधा येथेच होते. सपाट छपरासाठी ज्या रबराचा खरा अनुभव जमा आहे ते ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर होय. इथिलीन, प्रॉपिलीन आणि डायीन या घटकांपासून ते कारखान्यात तयार होते. अमेरिका व युरोपात १९६० च्या दशकापासून ते सपाट छपरांवर वापरले जात आहे. रंग बहुधा काळा असतो, कारण त्यात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो व तोच उन्हातील अतिनील किरणांपासून रबराचे रक्षण करतो. चांगली शीट नीट बसविली तर २५ ते ३० वर्षे टिकते.

झाडाच्या चिकापासून होणारे रबर या कामाचे नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागात रबराची लागवड आहे, म्हणून तेथील काही जण हा प्रश्न आवर्जून विचारतात. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतील ओझोन सोसत नाही. उन्हात पडून राहिलेला रबरबँड ओढून पाहावा. त्याला बारीक भेगा पडून तो तुटतो. छपरावर तेच होईल.

दुसरी वस्तू म्हणजे डांबरी शीट. डांबरात प्लॅस्टिक किंवा रबर मिसळून ३ ते ४ मि.मी. जाडीची शीट करतात व गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवितात. ही वस्तू वाईट नाही, पण तिला रबर म्हणून रबराच्या भावात घेऊ नये. तिसरी वस्तू डब्यातून मिळते व ब्रशने लावतात. तिला 'लिक्विड रबर' म्हणण्याची चाल पडली आहे. केसासारख्या बारीक भेगांसाठी ती ठीक आहे, परंतु थर पातळ असल्यामुळे दर काही वर्षांनी पुन्हा लावावी लागते आणि त्यातील ॲक्रिलिक प्रकार पाणी साचून राहणाऱ्या जागी मऊ पडून सुटतो. टायरच्या चुऱ्यापासून केलेल्या चटया पाणी अडवीतच नाहीत. त्या चालण्यासाठी असतात. साखर कारखान्यातील किंवा खाणीतील जुने वाहक पट्टे स्वस्तात मिळतात म्हणून काही जण गच्चीवर टाकतात. ते जड असतात आणि त्यांचे जोड पाणीबंद करता येत नाहीत. ते गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालावेत, तेथे त्यांचा खरा उपयोग आहे.

ओळखण्याची एक सोपी रीत आहे. विक्रेत्याकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा व प्रथम हाताने ताणावा. ईपीडीएम ताणले जाते आणि सोडताच मूळ लांबीवर येते. नंतर त्याचा एक कोपरा वाटीभर डिझेलमध्ये दोन-तीन तास बुडवून ठेवावा. डांबरी शीट असेल तर डिझेल तपकिरी-काळे होते व तुकडा चिकट बनतो. ईपीडीएम फुगते, पण विरघळत नाही. हा दुसरा प्रयोग आणखी एक गोष्ट शिकवितो. तेल आणि इंधन हे या रबराचे शत्रू आहेत. त्याविषयी पुढे येईलच.

वजन : सर्वांत महत्त्वाचा मुद्दा

रबर पाणी अडविते हे सर्व जण सांगतात. पण आपल्याकडच्या घरांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण वेगळाच आहे. ते हलके असते. दीड मि.मी. जाडीच्या ईपीडीएम शीटचे वजन दर चौरस मीटरला दोन किलोच्या आत भरते. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी ४ इंच जाडीचा धरला तर त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो होते. आता ३० × २५ फुटांची साधारण घराची गच्ची घ्या. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर. तिच्यावर नवा कोबा म्हणजे १४ टनांची भर. रबर म्हणजे सव्वाशे किलो, दोन-तीन पोत्यांइतके.

गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा कोबा चढविलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वापरात असलेल्या गच्चीवर माणसे, सामान वगैरेंसाठी स्लॅबच्या आखणीत साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलोचा चलभार धरलेला असतो. एक जादा कोबा हा सगळा भार एकट्याने खाऊन टाकतो. त्यात सळ्यांना गंज धरलेला असला तर स्लॅब कशाच्या जिवावर उभा आहे हे सांगणे कठीण होते.

मराठवाडा, सोलापूर, विदर्भ व खानदेशातील माळवदाच्या, म्हणजेच धाब्याच्या घरांत हाच प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथे गळती थांबविण्याची परंपरागत रीत म्हणजे दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देणे. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून जाडी फूट-दीड फुटांवर जाते. एक फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या घरात असते. भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक त्यात गेले. गळतीवर मातीचा थर हा उपाय किती महाग पडू शकतो हे त्या भागाला वेगळे सांगावे लागत नाही.

अशा घरात हलक्या आच्छादनाचा फायदा हा की माती वाढविण्याऐवजी कमी करता येते. मात्र माती काढण्याआधी तुळया, कड्या व फळ्या तपासून घ्याव्यात. कुजलेली तुळई बदलल्याशिवाय वर काहीही घालू नये. जादा माती उतरवून उरलेला थर चांगला सुकू द्यावा, टोकदार खडे वेचून काढावेत व उतार धरून थर चोपून घ्यावा. त्यावर जाड नमद्यासारखे जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर रबर व पुन्हा तेच कापड घालून वर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा तीन-चार इंचांचाच थर ठेवावा. या थराने रबराला ऊन लागत नाही व घरही पूर्वीसारखे थंड राहते. हे काम माहीतगार अभियंत्याला दाखवूनच करावे, कारण प्रत्येक माळवदाचे लाकूड वेगळे असते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. परदेशात रबर न चिकटविता मोकळे अंथरून वर गोटे पसरण्याची पद्धत आहे. वाऱ्याने शीट उचलू नये म्हणून दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो गोटे लागतात. वर घेतलेल्या गच्चीवर हे वजन साडेतीन टन होते. शीटचे हलकेपण त्याने फुकट जाते. जुन्या स्लॅबवर पूर्ण चिकटविलेलेच आच्छादन पसंत करावे.

आधी गळती ओळखा

रबर ही गळतीवरची दवा आहे, पण प्रत्येक ओल ही गच्चीची गळती नसते. पावसाची सर येताच थेंब पडू लागले आणि सर थांबल्यावर लवकर बंद झाले तर भेग किंवा जोड उघडा आहे असे समजावे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी ठिबकत असेल तर कोब्याच्या पोटात पाणी साठलेले आहे. उन्हाळ्यातही ओल दिसते, विशेषतः वरची टाकी भरल्यावर, तर दोष नळाचा किंवा टाकीचा आहे. तेथे रबर घालून काहीच साधणार नाही. कोकणात व घाटमाथ्यावर आडवा पाऊस भिंतींवर व कठड्यावर झोडपतो. त्यामुळे भिंतीतून उतरलेली ओल पुष्कळदा गच्चीच्या माथी मारली जाते. ओल छताच्या मध्यभागी आहे की भिंतीच्या कडेने उतरते आहे हे पाहिले म्हणजे बराच उलगडा होतो.

यानंतर स्लॅब खालून व वरून हातोडीने हलके ठोकून पाहावा. पोकळ आवाज, तांबूस डाग, सुटलेला गिलावा आणि उघड्या पडलेल्या सळ्या ही गंजाची लक्षणे आहेत. अशा स्लॅबवर रबर अंथरणे म्हणजे जखमेवर स्वच्छ फडके बांधून आत पू तसाच ठेवणे होय. वरून पाणी थांबेल, खोली कोरडी दिसेल, घरातले निर्धास्त होतील. पण मुरलेली ओल आणि पोहोचलेली हवा सळई खातच राहतील. आधी सळ्यांची दुरुस्ती, मग आच्छादन. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या स्लॅबवर एक पैसाही घालू नये.

गच्चीचा वापर कशासाठी होतो?

शहरातील गच्ची बहुधा रिकामी असते. शेतकऱ्याची गच्ची हे दुसरे खळेच असते. तेथे मिरच्या, हळद, शेंगा, ज्वारी वाळत पडते. फावड्याने माल ओढला जातो, पोती फरफटत नेली जातात, कधी बाजेचे पाय रुततात. उघड्या रबराला हे सोसत नाही. फावड्याच्या एका कोपऱ्याने पडलेला चिरा डोळ्यांना दिसत नाही, पण पावसाला बरोबर सापडतो. त्यातून भुईमुगाच्या किंवा करडईच्या तेलाचा, फवारणी पंपाच्या इंधनाचा, ट्रॅक्टरच्या ऑइलचा संपर्क आला तर रबर फुगून मऊ पडते. म्हणून ज्या गच्चीवर धान्य वाळवायचे आहे तेथे उघडे रबर टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे रबर टाकायचेच असेल तर त्यावर जिओटेक्स्टाइल कापड घालून वर फरशी बसवावी. फरशीचे वजन मात्र स्लॅबला झेपते का हे विचारून घ्यावे. स्लॅब भक्कम असेल आणि पहिलाच कोबा करावयाचा असेल, तर उत्तम उताराचा विटांचा कोबा वापरत्या गच्चीला आजही चांगला आहे. जिना नसलेली, क्वचितच कोणी चढते अशी गच्ची, पोटमाळ्यावरचा किंवा पडवीवरचा छोटा स्लॅब, भार वाढविणे धोक्याचे आहे असे जुने घर, या ठिकाणी मात्र रबराला तोड नाही.

दुसरा विचार उन्हाचा. काळे रबर उन्हाळ्याच्या दुपारी ७० अंश सेल्सिअसच्या वर तापते. जळगाव, अकोला, चंद्रपूर अशा भागांत आधीच तापणाऱ्या स्लॅबवर काळी शीट टाकली तर खालची खोली रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते. तेथे वरून पांढरी असलेली शीट मागावी किंवा शीट तयार करणाऱ्याने सुचविलेला पांढरा लेप त्यावर द्यावा. दरवर्षी गच्चीला चुना मारण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. चुना रबराला धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो व नळात बसतो.

शेततळ्याचा कागद का चालत नाही?

राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली. शेततळी वाढली तसा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मि.मी. जाडीचा, प्लॅस्टिक कागद गावोगावी ओळखीचा झाला. तळ्यात पाणी थांबते तर गच्चीवर का नाही, असा सरळ हिशेब केला जातो. परंतु तळ्यात बहुतेक कागद पाण्याखाली दबलेला असतो, त्याचे जोड यंत्राने वितळवून एकजीव केलेले असतात आणि कडा चरात पुरलेल्या असतात. गच्चीवर यातले काहीच नसते. शिवाय हा कागद तापमानाबरोबर फार वाढतो-आकसतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर १० मीटर लांबीचा कागद पाच-सहा सें.मी. लांबतो, त्याच फरकाने १० मीटरचा स्लॅब जेमतेम चार-पाच मि.मी. सरकतो. म्हणून कागदाला दुपारी सुरकुत्या पडतात, पहाटे तो ताणला जातो आणि कडेला फाटतो किंवा सुटतो. त्याखाली शिरलेले पाणी बाहेरही पडत नाही. रबर मऊ व लवचीक असल्यामुळे स्लॅबच्या हालचालीबरोबर हलते. सिमेंटच्या घोटाईला जेथे पुन्हा भेग पडते तेथे रबर नुसते ताणले जाते. एका पावसाळ्यापुरती तात्पुरती सोय म्हणून कागद ठीक आहे. त्यावर घराचा भरवसा ठेवू नये.

जाडी, रुंदी आणि मोजणी

ईपीडीएम शीट सुमारे १.१ मि.मी., १.५ मि.मी. आणि त्याहून जाड मिळते. घरासाठी १.५ मि.मी. घ्यावी. पातळ शीट घेऊन वाचणारा पैसा मजुरीच्या मानाने थोडा असतो. रुंदी शक्य तितकी मोठी निवडावी, कारण जितके जोड कमी तितके धोके कमी. छोट्या गच्चीला बिनजोड एकच शीट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही तीच घ्यावी.

मोजणी करताना नुसते लांबी गुणिले रुंदी धरतात आणि नंतर माल कमी पडतो. शीट कठड्यावर निदान ८ इंच चढवावी लागते. वरच्या उदाहरणात गच्ची ७५० चौरस फूट व कठड्याचा घेर ११० फूट आहे. चढवणीसाठी फूटभर धरल्यास ११० चौरस फूट वाढतात, म्हणजे ८६०. जोड व कापाकापीसाठी आणखी ४०-५० चौरस फूट धरून ९०० च्या पुढे माल लागतो. दर ठरवितानाच कोपरे, नळाचे तोंड, चिकटद्रव्य, जोडपट्टी व कडेची धातूची पट्टी यांचा समावेश आहे का हे लेखी घ्यावे. पुष्कळदा शीटचा दर कमी सांगून या बाबी मागाहून लावल्या जातात.

पूर्वतयारी

पावसाळ्यात स्लॅब पाणी पितो. ते पाणी आत असताना वरून रबर चिकटविले तर उन्हाने वाफ होऊन शीटला फोड येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ कामाला उत्तम. मे महिन्याच्या भर दुपारी काम करू नये, कारण चिकटद्रव्य पसरताच सुकते. स्लॅब सुकला की नाही हे पाहण्यासाठी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टीने बंद करून गच्चीवर चिकटवावा आणि सायंकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत, १६ तास, तसाच ठेवावा. आतून दव जमले किंवा खालचा भाग काळपट दिसला तर अजून थांबावे.

उताराकडे दुर्लक्ष करू नये. रबर पाणी अडविते म्हणून उतार नको, हा समज चुकीचा आहे. साचलेल्या पाण्यात माती बसते, शेवाळ धरते आणि जोडावर रात्रंदिवस पाण्याचा ताण राहतो. दर १० फुटांस किमान सव्वा इंच व शक्य तर दोन-अडीच इंच उतार नळाकडे असावा. उतार डोळ्याने पाहू नये. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घ्यावी, गवंड्याकडे ती असतेच. नळ पुरेसे आहेत का तेही याच वेळी पाहावे. तासाला १०० मि.मी. या वेगाने पडणाऱ्या सरीत ४ इंची एक नळ सुमारे ४० चौरस मीटर गच्चीला पुरतो. कोकणात अशा सरी नव्या नाहीत. म्हणून ७० चौरस मीटरच्या गच्चीला तेथे दोन नळ हवेतच, आणि एक पाल्याने तुंबला तर पाणी जायला कठड्यात एक जादा पन्हळही असावी.

गच्ची व कठडा मिळतात त्या काटकोनात सिमेंटचा गोलसर वाटा काढून घ्यावा. काटकोनात शीट हवेत अधांतरी राहते व पाय पडताच फाटते. गच्चीवर पूर्वी डांबर लावलेले असेल तर ते खरवडून काढावे, न निघाल्यास मध्ये पॉलिस्टर नमदा घालावा. डांबरातील तेलकट अंश ईपीडीएमला बाधतो.

सौर पॅनेल बसविण्याचा विचार असेल, आणि २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तो पुष्कळांचा असतो, तर पॅनेलच्या सांगाड्याचे पाय आधी पक्के बसवावेत व मग त्यांच्याभोवती रबर चढवावे. रबर झाल्यावर त्यात ड्रिल घुसवू देऊ नये. बसविणारा माणूस 'थोडे सिलिकॉन मारतो' म्हणेल. त्यावर विसंबू नये.

जोड आणि कडा

रबराची गच्ची मधोमध सहसा गळत नाही. ती गळते जोडावर, कठड्यावर आणि नळाच्या तोंडाशी. म्हणून काम चालू असताना घरमालकाने स्वतः उभे राहून पाहावे अशा जागा याच आहेत.

शीट उलगडून निदान अर्धा तास मोकळी पडू द्यावी, म्हणजे गुंडाळीचा ताण निघून जातो. ताणून चिकटविलेली शीट पुढे आकसून कठड्याचे कोपरे सोडते. नव्या शीटवर चिकटू नये म्हणून पांढरी पूड लावलेली असते. जोडाच्या जागी ही पूड धुऊन, ठरलेल्या द्रवाने पुसून काढली नाही तर कोणतीही पट्टी धरत नाही. ईपीडीएम उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे तापवून जोड मारणे शक्य नसते. दोन्ही बाजूंना प्रायमर लावून, तो बोटाला न चिकटण्याइतका सुकल्यावर, मध्ये जोडपट्टी घालून लोखंडी रुळाने दाबत न्यावे लागते. फेविकॉल, डांबर, पंक्चरचे सोल्युशन यांपैकी काहीही वापरू देऊ नये. एकावर एक येणारी शीट १० ते १५ सें.मी. असावी आणि वरच्या उताराची शीट खालच्या उताराच्या शीटवर यावी. कौले घालताना जो नियम आपण पाळतो तोच येथे आहे. चिकटद्रव्य बहुधा पेट घेणारे असते. काम संपेपर्यंत गच्चीवर विडी-काडी नको.

कठड्यावर चढविलेली शीट नुसती चिकटवून सोडू नये. तिच्या वरच्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी वीतभर अंतराने स्क्रू मारून घट्ट करावी व पट्टीच्या माथ्यावर सीलंट भरावे. कठड्याच्या माथ्यालाही आतील बाजूस उतार द्यावा. नाहीतर भिंतीत मुरलेले पाणी शीटच्या मागून खाली उतरते आणि दोष रबराला मिळतो. नळाच्या तोंडाशी एक फूट चौरस जागा अर्धा इंच खोल घ्यावी, तयार मिळणारी रबरी नळकांडी नळात खालपर्यंत उतरवावी व वर जाळी बसवावी.

काम झाल्यावर नळ बोळ्याने बंद करून सुमारे दोन इंच पाणी २४ तास उभे करावे व खालून पाहावे. एक इंच पाण्याचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो असते. त्यामुळे शंकास्पद स्लॅबवर सगळी गच्ची न भरता मातीचे बांध घालून तुकड्यातुकड्याने तपासावे. ही चाचणी होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

गच्चीचे पावसाचे पाणी टाकीत घेणाऱ्यांनी नवे काम झाल्यावर पहिले काही पाऊस वाहून जाऊ द्यावेत. पिण्यासाठी ते वापरावयाचे असल्यास शीट व चिकटद्रव्य दोन्ही पिण्याच्या पाण्यास योग्य असल्याचे लेखी मागावे. तसे लेखी मिळत नसेल तर हे पाणी जनावरे धुण्यास व परसबागेस वापरावे.

पत्र्याच्या घरांसाठी

पत्र्यावर संपूर्ण रबर घालण्याची सहसा गरज नसते. तेथे रबर आधीपासूनच आहे, स्क्रूखालच्या छोट्या वॉशरच्या रूपाने. चांगल्या स्क्रूला ईपीडीएमचाच वॉशर असतो. पत्रा गळू लागला की आधी हे वॉशर पाहावेत. जास्त आवळल्याने चिरडलेले, उन्हाने तडकलेले किंवा तिरपे बसलेले वॉशर बदलले आणि स्क्रू पत्र्याच्या उभारावर घेतले की निम्म्याहून अधिक गळती तेथेच थांबते. हा खर्च किरकोळ आहे.

देखभाल व दुरुस्ती

वर्षातून दोनदा, मृगापूर्वी व दसऱ्याच्या सुमारास, गच्ची झाडून नळाच्या जाळ्या साफ कराव्यात. झाडणी मऊ असावी. जोडांवरून बोट फिरवून कोठे कड सुटली आहे का पाहावे. रॉकेल, डिझेल किंवा थिनर यांनी डाग पुसू नयेत. साबणाचे पाणी पुरते. तेल सांडलेच तर तसेच ठेवू नये, लगेच साबणाने धुवावे.

काम करणाऱ्याकडून शीटचा दोन फूट तुकडा, थोडी जोडपट्टी व प्रायमरचा लहान डबा मागून घ्यावा. प्रायमर सावलीत ठेवावा व डब्यावरची मुदत पाहावी. शीटला चिरा पडला तर त्याच्या चारी बाजूंनी तीन-तीन इंच पुढे जाईल एवढे ठिगळ कापावे आणि त्याचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, प्रायमर द्यावा व ठिगळ मधून कडेकडे दाबत न्यावे. ओल्या रबरावर ठिगळ धरत नाही. भर पावसाळ्यात चिरा सापडला तर उघडीप मिळेपर्यंत त्या जागी पाणी साचू न देणे एवढेच हाती असते; चिऱ्याच्या वरच्या अंगाला चिखलमातीचा छोटा बांध घालून पाणी बाजूने नळाकडे वळवावे आणि दोन-तीन दिवस ऊन पडले की ठिगळ मारावे.